सोबती गेला तर गोष्टीला कळलं पाहिजे

(मास इफेक्ट या व्हिडिओ गेम मालिकेचे मोठे स्पॉयलर आहेत, खेळायचं बाकी असेल तर इथेच थांबा.)

आरपीजीमधले, म्हणजे भूमिका घेऊन खेळायच्या गेम्समधले, आपल्यासोबत फिरणारे सोबती मुख्य कथेला आवश्यक असावेत की नुसते ऑप्शनल, यात माझं मत पक्कं आहे, आवश्यकच असावेत. ऑप्शनल ठेवले की प्लेअरला मोकळीक मिळते असं म्हणतात आणि ते खरंय, फॉलआउट न्यू व्हेगसमध्ये मोहाव्हेच्या वाळवंटात एकट्याने भटकायला मलाही आवडतं. पण त्यातले सोबती बून काय, व्हेरॉनिका काय, इतकी जीव ओतून लिहिलेली माणसं आणि तुम्ही त्यांना भेटलाच नाहीत तरी हूवर डॅमची शेवटची लढाई व्हायची तशीच होते, कोणाचं काही अडत नाही. १९९७ च्या फायनल फँटसी सेव्हनमध्ये तर व्हिन्सेंट आणि युफी या ऑप्शनल सोबत्यांना गेमभर सोबत घेऊन फिरलात तरी शेवटच्या व्हिडिओत दोघं दिसतच नाहीत!

आता आवश्यक म्हणजे गळ्यात बांधलेला, मरूच न शकणारा सोबती असं अजिबात नाही. तो मरू दे, भांडून निघून जाऊ दे, भेटलाच नाही तरी चालेल, फक्त त्याचा फरक कथेत पडला पाहिजे.

मास इफेक्टमधला सोबती रेक्स घ्या ना. २००७ च्या पहिल्या भागात व्हर्मायर ग्रहावर तो बंदूक रोखून समोर उभा राहतो, कारण जेनोफेज नावाच्या जैविक अस्त्रामुळे त्याच्या क्रोगन या परग्रही जमातीची बहुतेक मुलं जन्मालाच येत नाहीत आणि त्यावरचा इलाज आपण उडवायला निघालेलो असतो. तिथे तो मेला तरी गेम पुढे जातो. पण २०१२ मध्ये तिसऱ्या भागात क्रोगनांच्या टुचांका ग्रहावर पोचलात की रेक्सच्या जागी पुढारी म्हणून त्याचा भाऊ रीव उभा असतो, त्याला फक्त जुने हिशोब चुकते करायचेत, आणि मग इलाज द्यायचा की नाही हा प्रश्नच वेगळा होऊन बसतो. रीव पुढारी असेल आणि आधीच्या भागात मेलन या शास्त्रज्ञाचा इलाजावरचा डेटा नष्ट केल्यामुळे ईव्ह ही क्रोगन स्त्रीही वाचली नसेल, तर इलाज पसरवायला निघालेल्या शास्त्रज्ञ मॉर्डिनला समजावून परत पाठवता येतं. रेक्स जिवंत असेल तर मॉर्डिन कशालाच बधत नाही, त्याला थांबवायचं तर गोळीच घालावी लागते. आणि एवढं करूनही पुढे रेक्सला ते कळतं, तो जाब विचारायला थेट सिटाडेल या अवकाशस्थानकावर येतो. एका माणसाच्या असण्या-नसण्यावर अख्ख्या जमातीचं भवितव्य फिरतं, याला म्हणतात लिखाण.

हे सगळं महाग पडतं हे मान्य, प्रत्येक शक्यतेचे संवाद लिहा, रेकॉर्ड करा आणि त्यातलं निम्मं बहुतेकांच्या नजरेलाही पडणार नाही. मग डझनभर सोबती देऊ नका ना, चारच द्या, पण त्यातला एक गेला तर पुढची गोष्ट बदलू दे.

तुमच्या सेव्ह केलेल्या गेममध्ये टुचांकावर कोण होतं, रेक्स की रीव? आणि इलाज दिलात का?