तारकर्लीच्या मुक्कामात बंद पडलेल्या फ्रिजबद्दल आपल्या अभिप्रायाला उत्तर

माननीय महोदय,

तारकर्लीच्या मुक्कामात दुसऱ्या रात्री आम्ही भाड्याने दिलेल्या कॅम्परव्हॅनमधला (आत राहण्याची सोय असलेल्या गाडीतला) फ्रिज बंद पडला आणि मालवणच्या लिलावातून हौसेने आणलेली सुरमई आपल्याला टाकून द्यावी लागली, याबद्दल मी दिलगीर आहे. पहाटे तीन वाजता आलेला आपला फोन मी उचलू शकलो नाही, हेही खरे आहे.

मात्र ‘मालकाने पैसे वाचवण्यासाठी भंगारातली बॅटरी बसवली आहे’ हे आपले वाक्य वाचल्यापासून मला अन्न गोड लागलेले नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ही बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, १२.८ व्होल्ट आणि २०० अँपिअर-तासांची आहे, म्हणजे पूर्ण भरल्यावर तिच्यात सुमारे २,५६० वॅट-तास वीज असते (एक वॅटचे उपकरण तासभर चालले की एक वॅट-तास). ती मी गेल्या दिवाळीनंतर नवी घेतली आणि तिचे हप्ते अजून फेडतो आहे. फ्रिज थेट बॅटरीवर चालतो, त्याला इन्व्हर्टर (बॅटरीची वीज घरगुती उपकरणांना चालेल अशी करून देणारे यंत्र) लागत नाही. त्याचा कॉम्प्रेसर चालू असताना साधारण ६० वॅट घेतो. थंडीत तो तासातली पंधरा-वीस मिनिटे चालतो, पण मे महिन्यातल्या कोकणच्या उकाड्यात जवळजवळ अर्धा वेळ चालतो. असे दिवसाचे ७२० वॅट-तास होतात, आणि पंखा, दिवे व मोबाइल यांचे आणखी अडीचशे. गाडीच्या माहितीपुस्तिकेत ‘फ्रिज दोन दिवस चालतो’ असे मी लिहिले आहे, ते या हिशोबावर.

गाडी परत आली तेव्हा इन्व्हर्टरचे बटण चालूच होते. त्याला काहीही जोडलेले नसले तरी तो स्वतःसाठी २० वॅट खातो, म्हणजे दिवसाला ४८०. फ्रिजला लागते त्याच्या दोन-तृतीयांश इतकी वीज कशालाही न वापरता गेली. आपण अभिप्रायासोबत दिलेल्या फोटोत ओट्यावर १,५०० वॅटची किटली दिसते. ती आमच्या सामानातली नाही. ती दहा मिनिटे चालली की अडीचशेहून अधिक वॅट-तास जातात, आणि चहा काही दिवसातून एकदाच होत नाही. बाजारातून आणलेल्या डझनभर पाण्याच्या बाटल्या आपण एकदम फ्रिजमध्ये ठेवल्या, असे आपणच मला सांगितलेत. त्या नुसत्या गार करायलाच दोन-अडीचशे वॅट-तास लागतात. गाडी सुरूच्या बनात उभी होती, त्यामुळे छपरावरच्या सौर पॅनेलवर ऊन जवळपास पडलेच नाही. (सावलीचा मोह मलाही झाला असता, त्याबद्दल तक्रार नाही.) शुक्रवारी रात्री आठला इंजिन बंद झाले तेव्हा बॅटरी भरलेली होती आणि रविवारी पहाटे तीनला ती संपली. या ३१ तासांची बेरीज आपण स्वतः करून पाहावी; ती बॅटरीच्या क्षमतेपाशीच येते. जुनी बॅटरी एवढा वेळ टिकली नसती.

गाडी ताब्यात देताना मी प्रत्येकाला हे सगळे अर्धा तास समजावून सांगतो. त्या सकाळी आपल्याला उजेड असतानाच घाट उतरायचा होता, म्हणून आपण मला ते दहा मिनिटांत आटोपायला लावलेत. तरीही इन्व्हर्टरचे बटण चालकाच्या आसनामागे दडलेले आहे आणि त्यावर नीट पाटी नाही, ही चूक माझी आहे. पाटी लावून घेतो, पुस्तिकेतले ते वाक्यही बदलतो, आणि सुरमईच्या पैशांचे आपण फोनवर बोलू.

माझ्याकडे ही एकच गाडी आहे, तिचे वायरिंग मी स्वतः केले आहे आणि सुट्टीच्या हंगामातल्या चार-पाच बुकिंगवर आमचे वर्ष निघते. फ्रिज बंद पडला, हे आपण जरूर लिहावे. भंगार हा शब्द तेवढा काढावा, अशी विनंती आहे. बॅटरीची पावती माझ्याकडे आहे आणि सोमवार ते गुरुवार गाडी सहसा आवारातच उभी असते, आपण केव्हाही येऊन मीटर लावून पाहू शकता.