त्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेने बांधून दिल्या कधी?

गेले काही आठवडे एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचे सार असे: उत्तर कोरियाशी अण्वस्त्रांबाबत बोलणी करणे हा शुद्ध मूर्खपणा होता, १९९४ च्या करारानुसार अमेरिकेने त्या देशाला दोन अणुभट्ट्या बांधून दिल्या आणि त्यांतूनच त्याने बॉम्ब बनवले, लिबियासारखा धाक दाखवला असता, किंवा इस्रायलने इराकची अणुभट्टी उडवली तशी तिथलीही उडवली असती, तर प्रश्न तेव्हाच मिटला असता, आणि तिथला शासक वेडा असल्यामुळे त्याच्याशी यापुढे बोलूच नये. एरवी असल्या मजकुराच्या वाटेला मी जात नाही. या वेळी मात्र माझ्या भाचीने तो वादविवाद स्पर्धेच्या भाषणात जवळजवळ शब्दशः उतरवला आणि ‘मामा, मुद्दे बरोबर आहेत ना?’ असे विचारत मला पाठवला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

अणुभट्ट्यांपासूनच सुरुवात करतो, कारण सगळ्यांत धडधडीत खोटे तेच आहे. २१ ऑक्टोबर १९९४ रोजी जिनिव्हात झालेल्या करारात दोन हलक्या पाण्याच्या अणुभट्ट्या आणि त्या उभ्या राहीपर्यंत वर्षाला ५ लाख टन इंधनतेल देण्याचे ठरले होते, हे खरे. पण पहिल्या अणुभट्टीसाठी ज्या २००३ सालाचे लक्ष्य ठेवले होते, ते जेमतेम काही महिन्यांवर आले असताना, म्हणजे ऑगस्ट २००२ मध्ये, उत्तर कोरियातील कुम्हो येथे पायाचे पहिले काँक्रीट पडले आणि २००६ मध्ये तो प्रकल्प गुंडाळला गेला. जी भट्टी कधी पुरी झालीच नाही, तिच्यातून बॉम्बसाठी लागणारे प्लुटोनियम कसे निघाले, हे संदेश लिहिणाऱ्यालाच ठाऊक! प्लुटोनियम आले ते योंगब्योनच्या छोट्या अणुभट्टीतून, जी उत्तर कोरियाने स्वतः बांधून १९८६ मध्ये सुरू केली होती आणि जी याच कराराने बंद पाडली. तिच्यातून काढलेल्या, प्लुटोनियम असलेल्या सुमारे ८ हजार वापरलेल्या इंधनकांड्या डब्यांत भरून पाण्याच्या हौदात मोहोरबंद ठेवल्या गेल्या आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक आठ वर्षे त्यांवर पहारा देत होते. बांधकाम चालू असलेल्या आणखी दोन, कितीतरी मोठ्या भट्ट्यांचे काम थांबले, ते पुढे कधीच पुरे झाले नाही.

मग बिघडले कुठे? ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकेने चोरट्या युरेनियम समृद्धीकरणाचा, म्हणजे युरेनियम बॉम्बजोगे करण्याच्या दुसऱ्या मार्गाचा, आरोप केला, नोव्हेंबरात तेल थांबवण्याचा निर्णय झाला, डिसेंबरात निरीक्षकांना हाकलण्यात आले आणि जानेवारी २००३ मध्ये उत्तर कोरियाने अण्वस्त्रप्रसारबंदी करार सोडला. पुढे काय झाले याचा माझ्या मते सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे सिगफ्रिड हेकर यांची साक्ष. ज्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत अमेरिकेचा पहिला बॉम्ब घडला, तिचे हे माजी संचालक जानेवारी २००४ मध्ये योंगब्योनला गेले, तेव्हा तो हौद रिकामा होता. यजमानांनी त्यांच्यापुढे काचेची बरणी ठेवली. आत प्लुटोनियम धातूचा तुकडा असल्याचे सांगण्यात आले. हेकर यांनी हातमोजे चढवून ती उचलली, तर ती जड आणि किंचित कोमट लागली. आठ वर्षे मोहोरबंद राहिलेला माल करार मोडताच वर्षभरात बरणीत येऊन बसला होता, आणि ९ ऑक्टोबर २००६ रोजी पहिली अणुचाचणी झाली.

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. उत्तर कोरियाने फसवणूक केली होती. पाकिस्तानचे अणुशास्त्रज्ञ अब्दुल कादिर खान यांच्या चोरट्या व्यापाराच्या जाळ्यातून त्याने समृद्धीकरणाचे तंत्र मिळवले होते, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये याच हेकर यांना सुमारे २ हजार सेंट्रिफ्यूज (युरेनियम समृद्ध करणारी फिरती यंत्रे) असलेले दालन त्याने स्वतःहून दाखवले. पण २००२ मध्ये युरेनियमचा मार्ग अर्धाकच्चा होता आणि प्लुटोनियमचा तयार. कच्च्या चोरीची शिक्षा म्हणून तयार मालावरचे कुलूप काढून टाकणे हा व्यवहार कुणाच्या फायद्याचा ठरला, याबद्दल संदेशात अवाक्षर नाही.

लिबियाचा दाखला तर उलट अंगावर येणारा आहे. डिसेंबर २००३ मध्ये तिथले शासक गद्दाफी यांनी अण्वस्त्रांचा कार्यक्रम सोडला. त्यांची बरीचशी यंत्रसामग्री तेव्हा खोक्यांतच होती. २०११ मध्ये त्यांच्यावर हवाई हल्ले सुरू होताच, लिबियाचे निःशस्त्रीकरण ही आक्रमणाचीच पूर्वतयारी होती, असे उत्तर कोरियाच्या परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर केले. त्याच वर्षी ऑक्टोबरात गद्दाफी मारले गेले. २०१८ मध्ये ट्रम्प आणि किम जोंग उन यांच्या सिंगापूरच्या भेटीआधी ट्रम्प यांचे तेव्हाचे सुरक्षा सल्लागार जॉन बोल्टन यांनी ‘लिबियाचा नमुना’ हे शब्द उच्चारले आणि ठरलेली भेट मोडायची वेळ आली. प्रतिपक्ष ज्याला आपल्या मरणाचा दाखला समजतो, तोच आमिष म्हणून पुढे करायचा, ही कसली मुत्सद्देगिरी?

बाँबफेकीच्या सूचनेवर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. इराकच्या भट्टीत १९८१ मध्ये अजून इंधन भरलेले नव्हते आणि बगदादच्या तोफांच्या टप्प्यात जेरुसलेम नव्हते. दक्षिण कोरियाची राजधानी सोल मात्र उत्तर कोरियाच्या सीमेपासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. क्लिंटन सरकारने १९९४ मध्ये हा पर्याय तपासला होता. राहिला वेडेपणाचा आरोप. तीन पिढ्या सत्ता टिकवणाऱ्या घराण्याला क्रूर म्हणा, वेडे म्हणून काहीच उलगडत नाही.

संपूर्ण निःशस्त्रीकरण नजीकच्या काळात होईल, असा माझाही दावा नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तर कोरियाने आपला अण्वस्त्रधारी दर्जा कायद्याने अपरिवर्तनीय ठरवला, पुढच्या वर्षी अण्वस्त्रधोरण राज्यघटनेत घातले, आणि मार्च २०२४ मध्ये रशियाने नकाराधिकार वापरून त्याच्यावरील निर्बंधांवर देखरेख ठेवणारे संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञमंडळच मोडीत काढले. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या २०२४ मधील अंदाजानुसार त्या देशाकडे सुमारे ५० अण्वस्त्रे आहेत. म्हणून आज बोलणी होतील ती शून्यावर आणण्याची नव्हे, तर आकडा गोठवण्याची, आणि तशा बोलण्यांतून काय पदरात पडते ते वर सांगितलेच आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये हनोईत किम जोंग उन यांनी प्रमुख निर्बंध उठवण्याच्या बदल्यात योंगब्योन देऊ केले होते. किंमत फार मोठी म्हणून ट्रम्प उठून गेले, आणि ती किंमत खाली आणण्यासाठी दोघे पुन्हा नेटाने बसलेच नाहीत. जुलै २०२१ पासून योंगब्योनची ती जुनी भट्टी पुन्हा चालू झाल्याच्या खुणा दिसतात, असे अणुऊर्जा संस्थेने त्याच वर्षीच्या अहवालात नोंदवले.