इग्लूतल्या पोराचं सरकार कुठंय?

काल कट्ट्यावर आवाज चढले ते लहान मुलांच्या दोन पुस्तकांवरून. भाचीसाठी आणली होती. एकात सरकार कसं चालतं ते, दुसऱ्यात जगभरातले लोक. दुसऱ्यात पानागणिक एक देश, वर झेंडा, खाली सणाच्या कपड्यांत हसणारं पोर. भाचीनं चार पानं उलटली आणि विचारलं, "मामा, ही मुलं शाळेतपण हेच घालून जातात?"

"हे पुस्तक पोरांना फसवतंय," मी म्हटलं, आणि पेटलं.

मास्तर म्हणाला, "सहा वर्षांच्या पोराच्या हाताला आधी काहीतरी लागायला हवं. कपडे दिसतात, घर दिसतं. तिथून पुढे जाईल." पहिली-दुसरीला शिकवण्यात त्याचं आयुष्य गेलंय, त्याचं म्हणणं उडवून लावता येत नाही. पण पुढे जायला वाट ठेवली असेल तर ना! मी इग्लूचं पान त्याच्यासमोर धरलं. बर्फाचं घर, फरचा कोट, बाजूला कुत्र्यांची घसरगाडी. बास. इग्लू हा हिवाळ्यातला, बऱ्याचदा शिकारीच्या वाटेवरचा निवारा होता. आज ते बांधणारे उत्तर ध्रुवाकडचे इन्युइट लोक तुमच्या-आमच्यासारख्या घरांत राहतात. १९९९ साली कॅनडाच्या उत्तरेला नुनावुत हा वेगळा प्रदेश झाला, तिथे बहुसंख्य तेच आहेत. तिथल्या विधानसभेत पक्षच नाहीत! प्रत्येक जण अपक्ष म्हणून निवडून येतो, मग सगळे आमदार एकत्र बसून गुप्त मतदानानं आपल्यातूनच प्रमुख आणि मंत्री निवडतात. मंत्री नसलेल्यांची संख्या मुद्दाम जास्त, म्हणजे मंत्र्यांवर वचक राहतो. त्या सभागृहाचा राजदंड नार्व्हाल या देवमाशाच्या सुळ्याचा आहे. राजदंडाची पद्धत ब्रिटिशांची, सुळा त्यांच्या समुद्रातला. एवढं एक चित्र काढलं असतं तरी दोन्ही पुस्तकं एका पानात मावली असती.

वकील तोवर गप्प होता. "नुनावुत हा अपवाद आहे," तो म्हणाला. "अपवादानं सुरुवात करायची नसते. कायदा करणारे वेगळे, राबवणारे वेगळे, निवाडा देणारे वेगळे, हा सांगाडा पक्का होऊ दे आधी." मग त्यानं मला खरं अडवलं. "आणि संस्कृती सरकारात आणायचीच आहे ना? मग स्वित्झर्लंडमधलं आपेन्झेल इनररोडेन हे राज्य घे."

तिथे वर्षातून एकदा लोक चौकात जमून हात वर करून निर्णय घेतात. पुरुष कमरेला तलवार लावून येत. तलवार हीच मताधिकाराची खूण. देशाच्या निवडणुकांत बायकांना १९७१ साली मत मिळालं, पण या चौकात नाही. एप्रिल १९९० मध्येही पुरुषांनी नकारच दिला. त्याच नोव्हेंबरात देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, तेव्हा कुठे दार उघडलं. "तलवारीचं चित्र झकास येईल," वकील म्हणाला, "पण पुढचं पोराला कसं सांगशील?"

मला पटकन सुचेना. उत्तर दिलं ते ताईनं. ती वाचनालयात मुलांचा विभाग सांभाळते. "यात अवघड काय आहे रे? खेळात कुणाला घ्यायचं नाही हे बाकीच्यांनी ठरवलं की कसं वाटतं, ते पोरांना आपल्याआधी कळतं. रिंगणाबाहेर उभी असलेली बाई काढा. ती का बाहेर आहे, असं ती आपणहून विचारतील."

मला हेच तर म्हणायचं होतं. सरकारचं पुस्तक घुमटाची इमारत दाखवतं, संस्कृतीचं पुस्तक टोपी दाखवतं. माणसं एकत्र बसून, भांडून, एकमेकांना अडवून काहीतरी ठरवतात, ते दोन्हींत नाही. म्हणून मुलांना सरकार म्हणजे लांबची इमारत वाटते आणि दुसऱ्या देशातलं पोर म्हणजे बाहुली. वकील अजूनही सांगाड्यावर ठाम आहे. सांगाडा हवाच, पण पहिल्या पानावर नको, एवढं माझं म्हणणं.

निघताना मास्तरनं दोन्ही पुस्तकं पिशवीत टाकली. सोमवारी वर्गात तो इग्लूचं पान उघडणार आहे आणि एवढंच विचारणार आहे, "या मुलाच्या गावात शाळा कुठे बांधायची, हे कोण ठरवत असेल?"