तरवड, कासविंदा की अळंबी?

पावसाळा संपता संपता घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत कंपाउंडच्या भिंतीलगत गुडघाभर पिवळी फुलं माजली आणि ती कसली हे सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कारण एकच, मी रविवारी येऊरच्या जंगलात जातो. तिथे जाऊन मी फक्त भजी खातो, पण ते कोणी विचारत नाही.

मोबाइलमधल्या ॲपने आधी तरवड सांगितलं. फोटो जरा तिरका काढल्यावर कासविंदा. मध्ये बोट आल्यावर अळंबी. पहिल्या दोन्ही उत्तरांत कूळ मात्र वाटाण्याचं होतं, म्हणून सेक्रेटरींनी वाकून फूल पाहिलं. पाच सुट्या पाकळ्या, वाटाण्याच्या फुलाशी काही संबंध नाही. "शेंग बघा," मी म्हटलं. वीतभर, बारीक, किंचित वाकलेली. "मग चवळी आहे," ते म्हणाले.

पानाला पर्णिकांच्या, म्हणजे पानातल्या छोट्या पानांच्या, तीनच जोड्या, टोकं गोलसर. कासविंद्याच्या पर्णिका टोकदार असतात, तरवडाचं तर चांगलं झुडूप होतं. म्हणजे हा टाकळा! दुसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतूनच कडाडल्या, "फुलं आल्यावर ओळखून काय करायचंय? जूनमध्ये स्टेशनबाहेर ह्याच्या भाजीचे वाटे लावून बसतात बायका, तेव्हा ओळखायचा. आता निबर झाला!"

विषय इथेच संपायचा. पण तळमजल्यावर वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक राहतात. "टाकळा खरा, पण दोन जातींपैकी कुठला, टोरा की ऑब्ट्युसिफोलिया?" पर्णिकांच्या जोडीमध्ये देठावर दाढीच्या खुंटाएवढी ग्रंथी असते. खालच्या दोन जोड्यांमध्ये असली तर टोरा, फक्त सगळ्यात खालच्या जोडीत असली तर ऑब्ट्युसिफोलिया. हे बघायला चिखलात गुडघे टेकावे लागतात. गुडघे अर्थातच माझे.

कमिटीला वेळ मिळाला रात्री आठला. टॉर्च मारला तर सगळी पानं मिटलेली. टाकळा रात्री झोपतो, हे प्राध्यापकांनी कौतुकाने सांगितलं. चेअरमनना मात्र दाट संशय, की दुपारी दाखवलेलं झाड हे नव्हेच, कोणीतरी बदललंय. सीसीटीव्ही बघायची सूचना आली. अनुमोदनही मिळालं.

शेवटी रजिस्टरमध्ये ठराव लिहिला : "झाड जागं असताना फेरतपासणी करणे. रविवार, सकाळी सात." हे पाच मिनिटांत झालं. त्या वेळी चहा कोणाकडून यावा, यावर मात्र साडेनऊपर्यंत चर्चा चालली.