लेझरने ‘डोळ्याची नस जळते’ म्हणे!

नाशिककडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणारा मजकूर असा: शुगरवाल्यांनी डोळ्याला लेझर करू नये, नस जळते, दुखतं ते त्यामुळेच, पुढे नजर जातेच, दिसतंय तोवर हात लावू नका.

‘नस जळते.’ नस म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस, तिच्यावर लेझर मारतच नाहीत. शुगरने डोळ्याच्या पडद्याला (आतला, चित्र उमटतं तो थर) रक्त कमी पडून त्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटतात, हे लेझर त्यांच्यासाठी. पडद्याच्या कडेकडेने साधारण 1200 ते 1600 शॉट देतात, एकेक अर्ध्या मिलिमीटरचा, 0.1 सेकंदाचा. पॅटर्न मशीनवर (एका दाबात अनेक शॉट देणारं) शॉटचा वेळ आणखी कमी, म्हणून संख्या जास्त. नसेच्या तोंडाभोवती किमान अर्धा मिलिमीटर जागा सोडतात. खुद्द त्या तोंडावर नव्या रक्तवाहिन्या फुटल्या असल्या तरी तिथे शॉट नाही. कडेच्या उपाशी पडद्याची ऑक्सिजनची भूक कमी झाली की व्हीईजीएफ (नव्या वाहिन्या फुटवणारं प्रथिन) घटतं आणि त्या वाहिन्या सुकतात. लेझरचा उजेड शोषून तापतो तो पडद्याच्या तळचा रंगद्रव्याचा थर, नसेचे तंतू असतात वरच्या थरात. शॉट फार कडक बसला तर तेही भाजतात, म्हणून करडा-पांढरा डाग उमटेल इतकीच पॉवर ठेवायची.

‘दुखलं म्हणजे नस गेली.’ ही नस दुखणं वाहून नेत नाही. कळ येते ती, डोळा घड्याळ धरला तर, तीन आणि नऊच्या जागी, तिथून वेगळ्या नसा जातात. सहन होत नसेल तर सांगा. पॉवर कमी करता येते, डोळा बधिर करता येतो. डोकं मात्र हलवू नका. चुकीच्या जागी शॉट बसतो तो अशाने.

‘नजर जातेच.’ यात अर्धं खरं आहे. कडेचं आणि अंधारातलं दिसणं कमी होऊ शकतं. रात्रीच्या विजेवर बागेची मोटर चालू करायला जाणाऱ्याने हे आधीच विचारून घ्यावं. मॅक्युलाला (पडद्याचा मधला, बारीक दिसण्याचा भाग) सूज येऊन अक्षरं काही आठवडे धूसर होऊ शकतात, म्हणून दोन-तीन सिटिंग. पुढे नस फिकट दिसते, फील्ड टेस्ट (आजूबाजूचं किती दिसतं याची तपासणी) बिघडते आणि नव्या डॉक्टरला काचबिंदूची शंका येते. काचबिंदूत नसेतला खळगा वाढतो, इथे सहसा नाही. लेझरचे कागद जपून ठेवा.

‘दिसतंय तोवर थांबा.’ सगळ्यात घातक सल्ला हाच. नव्या वाहिनीतून रक्त सांडेपर्यंत नजर उत्तम असू शकते. लेझरने नजर गंभीरपणे जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत 1976 सालीच दिसलं. लेझर टाळलं आणि वाहिन्या डोळ्याच्या पुढच्या भागात, आतलं पाणी निचरण्याच्या कोपऱ्यात शिरल्या की दाब चढतो, आणि तेव्हा नस खरोखर मरते.

डोळ्यात व्हीईजीएफ रोखणाऱ्या इंजेक्शनचा पर्याय आहे, पण तारखा पाळणाऱ्यालाच. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत दवाखान्यात फिरकणं जमणार नसेल, तर लेझरच करून घ्या.