व्यवहार फसला, फी मात्र गेली

व्यवहार फसला तरी फी कापली जाते, हे आधीच ठळक अक्षरांत सांगायला या क्रिप्टो वॉलेटवाल्यांना (क्रिप्टो-चलन ठेवायची-पाठवायची ॲप्स काढणाऱ्यांना) काय धाड भरलीय?

इथेरियम या ब्लॉकचेन नेटवर्कवर एक टोकन (डिजिटल नाणं) देऊन दुसरं घ्यायचं होतं. आधी म्हणे 'अप्रूव्ह' करा, म्हणजे टोकन उचलायची परवानगी द्या. तो वेगळा व्यवहार, त्याची वेगळी फी. भरली. मग खरा स्वॅप, म्हणजे अदलाबदल. तेवढ्यात भाव हलला, स्लिपेजची (भावात चालेल एवढ्या फरकाची) मर्यादा ओलांडली आणि स्क्रीनवर लाल अक्षरांत 'फेल्ड'! टोकन जागच्या जागी, फी मात्र गेलेली. सपोर्टला विचारलं तर ठरलेलं उत्तर: नेटवर्कची फी आहे, आमच्या हातात काही नाही.

अरे, ते मलाही कळतं! कॉन्ट्रॅक्ट (अदलाबदल करणारा प्रोग्रॅम) जिथे अडलं तिथपर्यंत व्हॅलिडेटरची, म्हणजे व्यवहार तपासून नोंदवणाऱ्यांची, मशिनं राबलीच ना, तेवढा गॅस (या कामाचं माप, फी त्यावरच ठरते) जळणारच. फसलेले व्यवहार फुकट ठेवले तर कुणीही मुद्दाम त्यांचा भडिमार करून नेटवर्क बंद पाडेल. नियमाबद्दल तक्रारच नाही. तो लपवता का, एवढंच विचारतोय.

आणि बोजा कुणावर पडतो बघा. साधं इथर (इथेरियमचं स्वतःचं चलन) पाठवायला २१,००० युनिट गॅस लागतो, रक्कम कितीही असो. दर युनिटला ५० ग्वेई (एक ग्वेई म्हणजे इथरचा अब्जावा भाग) असला की झाले ०.००१०५ इथर. हजार इथर पाठवणाऱ्याला ते जाणवतही नाही. ०.०१ इथर पाठवणाऱ्याचे दहा टक्क्यांहून जास्त तिथेच उडाले!

ऑगस्ट २०२१ च्या 'लंडन' नावाच्या अपग्रेडनंतर बेस फी (नेटवर्कने ठरवलेला किमान दर) जाळली जाते, म्हणजे कायमची नष्ट होते; वरची टिप आता व्हॅलिडेटरला मिळते. ब्लॉक (व्यवहारांचे गठ्ठे) गच्च भरत गेले की ही बेस फी दर ब्लॉकला १२.५ टक्क्यांपर्यंत चढते. टिप कमी पडली, फीची कमाल मर्यादा कमी ठेवली, की व्यवहार 'पेंडिंग'मध्ये लटकला. खात्यातले व्यवहार क्रमांकानेच पुढे जातात, म्हणून त्याच्या मागचे तुमचे सगळे व्यवहार रांगेत खोळंबले. रद्द करायचाय? मग त्याच क्रमांकाचा दुसरा व्यवहार आधीपेक्षा जास्त फी लावून पाठवा. म्हणजे थांबवायलाही पैसे! खात्यात नुसते टोकन असतील आणि इथर संपलं असेल, तर बसा हात चोळत. बहुतेक वेळा फी इथरमध्येच लागते.

व्यवहार फसेल का, याची चाचणी वॉलेटला आधी घेता येते. काही वॉलेट घेतातही. खात्री देता येत नसेल तर नका देऊ. पण 'फसला तरी एवढी फी जाईल' ही एक ओळ कन्फर्मच्या बटणाला चिकटून लिहा. 'ॲडव्हान्स्ड'च्या तळाशी नको, तिथेच.