जवसाच्या तेलाची साग्रसंगीत उपासना

सुरुवात बाटलीपासून करा. जवसाचं तेल नेहमी पारदर्शक बाटलीतलंच घ्यावं, म्हणजे त्याचा सोनेरी रंग पाहुण्यांनाही दिसतो. गडद काच, मागे गाळल्याची तारीख आणि ‘उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवा, दीड-दोन महिन्यांत संपवा’ अशी सूचना असलेल्या बाटलीच्या वाटेला जाऊ नका. असल्या उत्पादकाला आपल्या तेलाविषयी जरा जास्तच माहिती असते. दुकानही असं निवडा की जिथे माल दर्शनी फळीवर दुपारचं ऊन खात उभा असतो. घरी आणल्यावर बाटलीची जागा गॅसच्या शेगडीशेजारी. फ्रीजमध्ये तेल गोठेल ही भीती लोकांना सांगायला बरी आहे. खरं तर हे तेल खोबरेलासारखं गोठत नाही, तिथेही पातळच राहतं. पण ते कुणाला सांगू नका.

या तेलाचा साधारण निम्मा भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे वनस्पतीतल्या ओमेगा-३ चा असतो. त्याच्या साखळीत तीन दुहेरी बंध असतात आणि हवेतला ऑक्सिजन नेमका तिथेच चावतो. उजेड आणि उष्णता मिळाली की आणखी जोरात. थोडक्यात, ज्या गोष्टीसाठी तुम्ही पैसे मोजले, तीच सगळ्यांत आधी नासते. उरतं ते कडवट, जुन्या रंगाच्या डब्यासारखा किंवा मासळीसारखा वास मारणारं तेल. ताज्या तेलाला दाण्यासारखी, किंचित गवताळ चव असते, पण ती चाखायची संधी तुम्हाला या पद्धतीने मिळणारच नाही. कडू लागलं तर आनंद माना. कडू ते औषध, हे आपल्याकडे कारल्याच्या काळापासून सिद्ध आहे.

कडूपणा सहनच होत नसेल तर कॅप्सूल घ्या. कॅप्सूलची थोरवी अशी की आतलं तेल खवट झालंय की नाही, हे गिळणाऱ्याला कधीच कळत नाही. म्हणून ती दाताने फोडून वास घेण्याचा आगाऊपणा करू नये. एका हजार मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये अर्धा ग्रॅमच्या आसपास ओमेगा-३ असतं. म्हणजे एका मोठ्या चमच्याची, साधारण १४ ग्रॅम तेलाची, बरोबरी करायला चौदा कॅप्सूल लागतात. तेवढ्या गिळल्यावर नाश्त्याला पोटात जागा उरत नाही आणि वजन घटल्याचं श्रेयही तेलालाच जातं.

मात्रेच्या बाबतीत कंजुषी नको. अमेरिकेतल्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला १.६ ग्रॅम आणि स्त्रीला १.१ ग्रॅम हे आम्ल पुरेसं मानतात. चहाच्या एका चमचाभर तेलात ते भागून वर उरतं. पण चहाचा चमचा ही काय उपासना झाली? मोठे तीन चमचे उपाशीपोटी घ्या. त्यात साडेतीनशेहून जास्त कॅलरी असतात, म्हणजे ‘मी सकाळी काहीच खात नाही’ हे तुमचं वाक्य अबाधित राहतं. थोड्याच वेळात पोट साफ होतं, बऱ्याचदा अपेक्षेपेक्षा जास्त. याला ‘डिटॉक्स’ म्हणावं.

कोकणातला कोणी तारली-बांगडा खाणारा भेटला तर त्याला सांगा की मासळीत आहे ते सगळं जवसात आहे. मासळीतलं ईपीए आणि डीएचए, म्हणजे तिथलं ओमेगा-३, शरीराला तयार मिळतं, जवसातल्या आम्लापासून मात्र शरीराला ते स्वतः बनवावं लागतं. त्यातही ईपीएमध्ये रूपांतर होतं ते शंभरातल्या जेमतेम काही भागांचं, आणि डीएचएपर्यंत तर नगण्यच पोचतं. हा तपशील तुम्ही गाळायचा. शेवाळापासून काढलेलं शाकाहारी डीएचए बाजारात मिळतं, हेही.

आता स्वयंपाक. या तेलात पुऱ्या तळा. न शुद्ध केलेलं जवस तेल १०७ अंशांच्या आसपास धुरायला लागतं आणि पुरीला १८० अंशांचं तेल हवं. त्यामुळे पहिली पुरी कढईत पडायच्या आधीच घरात होमहवनाचं वातावरण तयार होतं. कोशिंबिरीवर किंवा गार झालेल्या वरणावर वरून चमचाभर घालणारे लोक या सोहळ्याला मुकतात. विदर्भात हे तेल पिढ्यान्‌पिढ्या खाल्लं गेलं हे उदाहरण जरूर द्या. फक्त तिथे घाणा गावात होता आणि तेल महिनोन्‌महिने फळीवर पडून नसायचं, एवढं बोलायचं राहून जाऊ द्या.

चटणी मात्र चुकूनही करू नका. वाटीभर जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचं, गार झाल्यावर सात-आठ लसणीच्या पाकळ्या, जिरं, लाल तिखट, मीठ घालून कुटायचं. झालं. यात तेल असतं, तंतुमय भागही असतो आणि लिग्नन नावाची ती द्रव्यंही, ज्यांची नावं तेलाच्या जाहिरातीत ठळक छापतात. वास्तविक गाळलेल्या तेलात तंतू शून्य आणि लिग्नन नावापुरते; ते सगळं ढेपेबरोबर गोठ्यात जातं. गाईम्हशींची तब्येत पाहिली की ते पटतं. कॅनडात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या रुग्णांना सहा महिने रोज ३० ग्रॅम दळलेलं जवस दिलं आणि त्यांचा रक्तदाब लक्षणीय उतरला. दळलेलं जवस, तेल नव्हे. तरीही हा निष्कर्ष तेलाच्या बाटलीवर खुशाल चिकटवा, सगळे तेच करतात. आणि बी खायचंच असेल तर अख्खं गिळा. न चावलेलं, न दळलेलं जवस जसं जातं तसंच बाहेर येतं. हिशेब तंतोतंत जुळतो.

मोठ्या आजारांवरही आपली तयारी हवी. जर्मनीच्या योहाना बुडविग यांनी १९५०च्या दशकात जवसाचं तेल आणि क्वार्क नावाचं मऊ चीज घोटून कर्करोगावर आहार सुचवला. आजतागायत एकाही नियंत्रित चाचणीने त्याला दुजोरा दिलेला नाही, त्यामुळे तो फॉरवर्ड करायला अगदी योग्य. क्वार्क इथे सहसा मिळत नाही, चक्का चालतो म्हणतात. घोटताना साखर-वेलची घालण्याचा मोह होतो, तो आवरा. यात थट्टेपलीकडचं एवढंच की त्या चक्क्यापायी कुणाची केमो लांबणीवर टाकू नका.

सौंदर्याचं खातं खास आहे. रात्री झोपताना चेहऱ्यावर तेलाचा जाडसर थर द्या. जवसाचं तेल ‘सुकणारं’ आहे: हवा लागली की त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि काही दिवसांत लवचीक पापुद्रा बनतो. तैलचित्रं याच गुणावर शतकानुशतकं टिकली; तुमचा चेहरा का टिकू नये? उशीच्या अभ्र्यावर पिवळे डाग पडतील. ते ताजे असताना साबणाने जातात, सुकल्यावर जन्मभर राहतात. केसांना लावलंत तर दोन-तीन दिवसांनी कंगवा अडकायला लागेल, त्याला ‘केस दाट झाले’ असं म्हणायचं.

तेलाने भिजलेले टॉवेल आणि चिंध्या यांबद्दल मात्र सरळच सांगायला हवं. सुकताना हे तेल उष्णता सोडतं. बोळा करून ढिगात टाकलेल्या कापडात ती कोंडते आणि काडी न ओढता पेट घेते. सुतार आणि रंगारी हे जाणतात. कापड मोकळं पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. दुसरं, रंगाच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड’ अळशीचं, म्हणजे जवसाचंच, तेल स्वस्त मिळतं. त्यात ते लवकर सुकावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. ते दारा-खिडक्यांसाठी आहे, पोटासाठी नाही, चेहऱ्यासाठीही नाही.

थट्टेकडे परत. ‘बोटॉक्सला पर्याय’ म्हणून जे जेल फिरतं, त्यात तेल जवळपास नसतंच. तो बियांच्या सालीचा चीक आहे. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात ढवळत आठ-दहा मिनिटं उकळा. पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं तार धरू लागलं की ताबडतोब, कढत असतानाच मलमलीतून गाळा. नेमकं हेच करू नका. फोन आला म्हणून गार होऊ द्या, मग बिया आणि जेल एकजीव होतात आणि पातेलं कुणीतरी दुसरंच घासतं. गाळलंच तर चेहऱ्यावर वाळताना त्वचा ओढली जाते, आरशात दहा वर्षं कमी दिसतात आणि तोंड धुतलं की परत येतात. फ्रीजमध्ये हे जेमतेम आठवडाभर टिकतं. दहाव्या दिवशी जो वास येतो, त्याला ‘नैसर्गिक’ म्हणतात.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, शस्त्रक्रिया ठरली असेल किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना तेलाबद्दल सांगू नका. ते उगाच ‘थांबा’ म्हणतील आणि तुमची साखळी तुटेल.

एवढं करून बाटली तळाशी उरतेच आणि आता तिचा वास घरात कुणालाच सोसत नाही. ती फेकू नका. ते कच्चं तेल असेल तर घरातल्या मुलाच्या नव्या विलो बॅटला लावा: चहाचा एक चमचा, चिंधीने, पुढची बाजू, कडा आणि टोकाला, दांडा जिथे बसवलाय तिथे नाही आणि स्टिकरवरही नाही. बॅट दिवसभर आडवी ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा एक हलका हात. चिंधी पाण्यात.